स्ट्रॅटफर्डची वर्गखोली : सहाशे वर्षांच्या इमारतीत आजही भरणारी शाळा

इंग्लंडच्या वॉरिकशायर परगण्यातील स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या गावी मी दोन वेळा गेले. पहिल्या खेपेस एका प्रवासी कंपनीने आम्हाला जेमतेम अडीच तास दिले होते. तेवढ्या वेळात हेन्ली स्ट्रीटवरचे शेक्सपियरचे जन्मघर पाहायचे, फोटो काढायचे, भेटवस्तू घ्यायच्या आणि बस गाठायची. चर्च स्ट्रीटवरून जाताना लाकडी सांगाड्याची एक लांबच लांब, काळी-पांढरी इमारत खिडकीतून सरकली आणि मार्गदर्शक म्हणाला, “ही त्याची शाळा.” बस थांबली नाही. मी तीस वर्षांहून अधिक काळ एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवले असल्याने ते तीन शब्द माझ्या मनातून गेले नाहीत. आमच्या शाळेचे नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’. माध्यम मात्र पहिल्यापासून मराठी. महाराष्ट्रात या नावाच्या शाळा गावोगावी आहेत आणि त्यांचे मूळ पुण्यात १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक-आगरकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या शाळेत आहे, हे आम्ही मुलांना दर वर्षी सांगत असू. नव्या इंग्लिश स्कुलात आयुष्य गेले, तेव्हा जुने इंग्लिश स्कूल नीट पाहावे, या इच्छेने दुसऱ्या खेपेस बर्मिंगहॅमहून मुलीच्या घरून आगगाडीने, दहा वर्षांच्या नातीला सोबत घेऊन, केवळ त्या शाळेसाठी स्ट्रॅटफर्डला गेले.

या शाळेचे नाव ‘किंग एडवर्ड द सिक्स्थ स्कूल’. तिच्या सर्वांत जुन्या भागाची डागडुजी होऊन एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे शेक्सपियरच्या मृत्यूला ४०० वर्षे पूर्ण झाली त्या वेळी, तो ‘शेक्सपियर्स स्कूलरूम अँड गिल्डहॉल’ या नावाने लोकांसाठी खुला झाला. जन्मघर आणि ‘न्यू प्लेस’ (शेक्सपियरने पुढे घेतलेल्या घराची जागा) ही ठिकाणे ज्या न्यासाकडे आहेत, त्याच्याशी या जागेच्या व्यवस्थेचा संबंध नाही; त्यामुळे जन्मघराचे एकत्रित तिकीट येथे चालत नाही, वेगळे काढावे लागते. बहुधा म्हणूनच अनेक सहलींच्या यादीत ही इमारत येत नाही. माझे मत प्रारंभीच नोंदवते : स्ट्रॅटफर्डमध्ये पैसे देऊन एकच ठिकाण पाहायचे असेल, तर ते हे असावे. जन्मघरात एक मूल जन्मले एवढेच कळते. ते मूल लिहिता कसे झाले, याचे उत्तर मिळण्याची शक्यता असलेली जागा ही आहे.

इमारत शाळेसाठी बांधलेली नाही, हे प्रथम समजून घ्यावे. १४१७ ते १४२० च्या सुमारास ‘गिल्ड ऑफ द होली क्रॉस’ या मंडळीने ती आपले सभागृह म्हणून उभारली. गिल्ड म्हणजे व्यापाऱ्यांचा नुसता संघ नव्हे. वर्गणी भरून सभासद व्हायचे, आणि मंडळीने नेमलेल्या पुरोहितांनी सभासदांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. वर्गणी भरून मृत आप्तांची नावेसुद्धा नोंदवता येत. आपल्याकडे देवस्थानाच्या आश्रयाने अन्नछत्र, धर्मशाळा आणि पाठशाळा चालत, त्याच तऱ्हेने या मंडळीने चॅपल, म्हणजे लहान प्रार्थनागृह, बांधले, निराधार वृद्धांसाठी घरे बांधली आणि शाळाही चालवली. ती वृद्धांची घरे सभागृहाला लागून एका ओळीत आजही आहेत आणि त्यांत आजही माणसे राहतात, म्हणून त्यांच्या खिडक्यांतून डोकावू नये. गावात शिक्षक असल्याची नोंद १२९५ पासूनची आहे. सभागृहामागच्या अंगणात १४२७ मध्ये शाळेसाठी स्वतंत्र घर बांधले गेले, आणि १४८२ मध्ये टॉमस जॉलिफ या धर्मगुरूने आपली मिळकत गिल्डकडे सोपवून अशी अट घातली की, शाळेत येईल त्या प्रत्येक विद्यार्थ्याला व्याकरण शिकवावे आणि शिकवण्याबद्दल त्याच्याकडून काहीही घेऊ नये. ही अट वाचून मी बराच वेळ तेथे उभी राहिले. महात्मा फुल्यांनी शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये सर्वांसाठी प्राथमिक शिक्षणाची जी मागणी केली, तिची व्याप्ती कितीतरी मोठी होती. तरीही शिक्षणाचा खर्च मुलाच्या बापावर पडू नये, ही कल्पना एका लहानशा बाजारगावात चारशे वर्षे आधी कागदावर उतरली होती, याचे मोल मला मोठे वाटते.

आठव्या हेन्री राजाच्या काळापासून इंग्लंड रोमच्या पोपपासून वेगळे होऊन प्रॉटेस्टंट पंथाकडे वळले आणि १५४७ मध्ये गिल्ड बरखास्त झाले. त्याची मालमत्ता राजाकडे गेली. गावाला आता ना शासन, ना शाळेचा खर्च चालवणारा कोणी. सहाव्या एडवर्डने २८ जून १५५३ रोजी गावाला सनद दिली. गिल्डच्या मालमत्तेपैकी बरीच गावाच्या नव्या नगरमंडळाकडे परत आली आणि शाळा राजाच्या नावाने पुन्हा स्थापन झाली. राजाचे वय तेव्हा १५ वर्षांचे होते आणि सनद दिल्यापासून आठ दिवसांनी, ६ जुलै रोजी, तो वारला. सनदेला दोन आठवडे उशीर झाला असता तर पुढे काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मास्तरांचा पगार वर्षाला २० पौंड ठरला आणि राहायला घर. त्या काळच्या मानाने ही रक्कम चांगली होती, आणि म्हणूनच विल्यमच्या शालेय वयात सायमन हंट, टॉमस जेंकिन्स आणि जॉन कॉटम असे एकामागून एक ऑक्सफर्डचे पदवीधर या गावाला मिळाले. शाळेचा दर्जा मास्तराच्या पगारातून सुरू होतो, हे आमच्या पिढीतल्या विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

इमारतीत शिरल्यावर आपण प्रथम तळमजल्यावरच्या दालनात येतो. येथे नगरमंडळाची बैठक भरे, न्यायनिवाडा चाले आणि फिरत्या नाटक मंडळ्या आल्या की त्यांचा पहिला खेळ बेलिफासमोर, म्हणजे नगराध्यक्षासमोर, येथेच होई. विल्यमचा बाप जॉन शेक्सपियर हातमोजे करणारा कारागीर. १५६८ मध्ये तो बेलिफ झाला. त्याच वर्षाच्या कारभारात राणीच्या नावाने फिरणाऱ्या मंडळीला नऊ शिलिंग आणि वूस्टरच्या उमरावाच्या मंडळीला एक शिलिंग दिल्याची नोंद आहे. मुलगा त्या वेळी पाच वर्षांचा होता. तो तेथे हजर होता असे कोणत्याही कागदात लिहिलेले नाही. पण नगराध्यक्षाचा थोरला मुलगा गावात नाटक आले असता घरी बसला असेल, हे मला पटत नाही. खाली बाप गावाचा कारभार पाहतो, त्याच जागी नट येऊन राजे-राण्या उभ्या करतात आणि वरच्या मजल्यावर शाळा भरते : एका मुलाच्या घडणीतल्या तीन गोष्टी एकाच छपराखाली, एका जिन्याच्या अंतरावर होत्या. पुस्तकातून हे वाचले होते, पण ते अंतर किती थोडे आहे ते जिना चढतानाच कळले.

याच दालनाच्या टोकाला गिल्डच्या काळातली भिंतीवरची चित्रे आहेत. धर्मसुधारणेच्या लाटेत अशी चित्रे चुन्याखाली गेली. शेजारच्या चॅपलमधील चित्रे पुसण्यासाठी दोन शिलिंग दिल्याची जी नोंद आहे, ती जॉन शेक्सपियर नगरमंडळाचा खजिनदार असतानाची, १५६४ च्या सुमारासची. पण चुन्याने चित्रे मारली नाहीत, झाकून राखली. चॅपलच्या कमानीवरचे अंतिम न्यायाचे मोठे चित्र फिकट रूपात आजही दिसते.

वरच्या मजल्यावरची वर्गखोली लांबट आहे, तिच्या तुळया उघड्या आहेत आणि फळ्यांच्या जमिनीवर पाऊल टाकले की आवाज होतो. जुन्या बाकांवर मुलांनी कोरलेली नावे आहेत. ती बाके शेक्सपियरच्या काळची नव्हेत, पुढच्या शतकांतली आहेत, पण नाव कोरण्याची खोड सर्व शतकांत एकच. या भेटीचा गाभा म्हणजे येथे होणारा ‘ट्यूडर तास’. त्या काळच्या वेषातील मास्तर येतात, पाहुण्यांना बाकांवर बसवतात आणि लॅटिनचा धडा घेतात. सुरुवातीला हा मुलांच्या करमणुकीचा प्रकार असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात मी ती पंधरा-वीस मिनिटे शिक्षकाच्या नजरेने पाहिली आणि मला त्यात खोट आढळली नाही. प्रश्न कोणाला टाकायचा, चुकलेल्याला किती वेळ उभे ठेवायचे, आवाज कोठे खाली आणायचा, हे त्या गृहस्थांना उत्तम साधले होते. ‘हिक, हैक, हॉक’ असे सर्वनाम चालवायला लागलो तेव्हा माझ्या तोंडी आपोआप ‘रामः रामौ रामाः’ येऊ लागले. पाठांतराची लय दोन्हीकडे एकच आहे, आणि त्या लयीवर बसलेले व्याकरण पन्नास वर्षांनीही जिभेवरून उतरत नाही.

ग्रामर स्कूलमधला दिवस कसा असे, तेही येथे चांगले समजते. मूल आधी लहान शाळेत अक्षरे शिकून येई. लाकडी मुठीच्या फळीवर वर्णमाला आणि प्रभूची प्रार्थना चिकटवून त्यावर पारदर्शक शिंगाचा पातळ पापुद्रा बसवलेला असे. आपल्या पंतोजींची धूळपाटी, तसे हे ‘हॉर्नबुक’. सातव्या वर्षाच्या सुमारास मुलगा व्याकरणशाळेत येई. उन्हाळ्यात सकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला शाळा भरे, मधली जेवणाची सुट्टी सोडली तर संध्याकाळी पाचपर्यंत चाले, आणि आठवड्यातून सहा दिवस असे. व्याकरणाचे पुस्तक विल्यम लिली यांच्या नावाचे. राजाज्ञेने देशभर तेच एक. आपल्या राज्यभर बालभारतीचे एकच पुस्तक चालते, त्यामुळे आम्हाला यात नवल वाटू नये. छडी होतीच.

परंतु नुसते पाठांतर असते, तर या शाळेतून लेखक घडण्याचे कारण नव्हते. वरच्या वर्गांत मुलाने लॅटिन उताऱ्याचे इंग्रजी करायचे, मग पुस्तक मिटून त्या इंग्रजीचे पुन्हा लॅटिन करायचे आणि मूळ लेखकाशी ताडून पाहायचे. इरॅस्मस या डच विद्वानाने या शाळांसाठी जी पद्धत घालून दिली होती, तिच्यात ‘तुझे पत्र पाहून मला फार आनंद झाला’ या अर्थाचे एक साधे वाक्य शंभराहून अधिक प्रकारांनी लिहून दाखवले आहे. एकच गोष्ट वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून, वेगवेगळ्या मनःस्थितींत कशी बोलली जाईल, याची ही रोजची तालीम होती. प्लॉटस आणि टेरेन्स यांची नाटके, ऑव्हिडच्या कथा, सिसेरोची भाषणे हे प्राचीन रोमन लेखकांचे सर्व साहित्य मुले वाचत, पाठ करत आणि मोठ्याने म्हणून दाखवत. समकालीन नाटककार बेन जॉन्सनने आपला मित्र शेक्सपियर याच्याबद्दल लिहिताना त्याला लॅटिन थोडे आणि ग्रीक त्याहून थोडे येत असल्याचे म्हटले. पण जॉन्सनच्या मापाने जे थोडे, ते आजच्या पदवीधराच्या मापाने पुष्कळ होते. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या कारागिराच्या मुलाला एवढे कसे आले, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी या खोलीत अर्धा तास बसावे. त्याचे उत्तर चमत्कारात नाही, या दिनक्रमात आहे.

त्या काळची हजेरीपटे उरलेली नाहीत, त्यामुळे विल्यम शेक्सपियर याच बाकांवर बसला याचा लेखी पुरावा नाही, हे मात्र पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे. शाळा विनामूल्य, बाप नगरमंडळात, घर चालत काही मिनिटांवर आणि गावात दुसरी व्याकरणशाळा नाही, यावरून काढलेला तो निष्कर्ष आहे आणि मला तो भक्कम वाटतो. शिवाय त्याच्या ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या नाटकात विल्यम नावाच्या एका मुलाची आई धर्मगुरूकरवी त्याची लॅटिनची परीक्षा घेवविते आणि तो मुलगा लिलीच्याच पुस्तकातली तीच सर्वनामे अडखळत चालवतो. ज्याने ही पाठांतरे सोसली आहेत, त्यानेच हे लिहिले असावे. १५७७ च्या सुमारास जॉन शेक्सपियरची आर्थिक घडी विसकटली आणि तो नगरमंडळाच्या बैठकींना येईनासा झाला. मुलगा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. तो पुढे किती वर्षे शिकला असेल, याचा विचार करताना मला आमच्या शाळेतली, दहावीच्या आधीच बापाच्या दुकानात बसवली गेलेली मुले आठवली.

तासानंतर पिसाच्या लेखणीने लिहून पाहता येते. नातीने तेथे आपले नाव देवनागरीत लिहिले. शिरोरेषा ओढताना पिसाचे टोक फाकले आणि शाईचा ठिपका पसरला. बोरूने कित्ता गिरवलेल्या माझ्या आजोबांनी टाक किती तिरका धरायचा ते तिला लगेच दाखवले असते. मग तिने विचारले, “आजी, मुली कुठे बसायच्या?” मुली येथे बसत नव्हत्या. शेक्सपियरच्या मुलींना या शाळेत प्रवेश मिळाला नसता, आणि २०१३ मध्ये शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गांत मुलींना घ्यायला सुरुवात होईपर्यंत ही मुलांचीच शाळा राहिली. हे उत्तर मी तिला सरळ दिले.

मधल्या शतकांतली एक गोष्ट मला विशेष आवडली. १७३५ पासून १७७१ पर्यंत जोसेफ ग्रीन हे येथे मास्तर होते. चर्चमधील शेक्सपियरच्या स्मारकाची दुरुस्ती करण्यासाठी पैसे हवे होते, म्हणून १७४६ मध्ये एका फिरत्या मंडळीने गावात ‘ऑथेल्लो’चा खेळ केला, त्या खटपटीत हे मास्तर होते, आणि पुढच्याच वर्षी कवीच्या मृत्युपत्राची नक्कल त्यांनीच शोधून काढली. गावच्या शाळामास्तरने गावचा इतिहास जपावा, ही गोष्ट आपल्याकडेही घडलेली आहे. त्याच ‘ऑथेल्लो’वरून गोविंद बल्लाळ देवलांनी ‘झुंझारराव’ रचले. आणि शाळामास्तरच असलेल्या आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे रूपांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले, त्याच्या आदल्याच वर्षी ते टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. माझ्या न्यू इंग्लिश स्कुलाचा या जुन्या खोलीशी असलेला धागा तो हाच आहे, आणि तो मला तेथे उभी असताना फार जवळचा वाटला.

शाळा आजही चालू आहे, हे या जागेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य. ती सरकारी खर्चाने चालणारी ग्रामर स्कूल आहे. शुल्क नाही, पण अकराव्या वर्षी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि ‘येईल त्या प्रत्येक विद्यार्थ्याला’ ही जॉलिफची अट आठवली की ती परीक्षा मला खटकते. १९१३ मध्ये येथल्या मुलांनी गावच्या स्मारक नाट्यगृहात ‘हेन्री द फिफ्थ’ सादर केले होते. वर्षभराने महायुद्ध सुरू झाले आणि त्या नाटकात लढाई खेळलेली काही मुले खऱ्या लढाईतून परत आली नाहीत. ‘एडवर्ड्स बॉईज’ ही शाळेची नाटक मंडळी शेक्सपियरच्या समकालीनांची, मूळ बालनटांसाठी लिहिलेली आणि आता क्वचितच होणारी नाटके रंगभूमीवर आणते. दर वर्षी २३ एप्रिलच्या आसपासच्या शनिवारी शाळेची मुले मिरवणुकीने होली ट्रिनिटी चर्चमध्ये जाऊन कवीच्या थडग्यावर फुले वाहतात.

जाणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. बर्मिंगहॅमहून आगगाडीला सुमारे तासभर लागतो आणि स्थानकापासून चालत पंधरा-वीस मिनिटांत चर्च स्ट्रीट येतो. सकाळी या जुन्या खोलीत शाळेचे तास होतात, त्यामुळे पाहुण्यांना अकराच्या आधी प्रवेश मिळण्याची अपेक्षा ठेवू नये, आणि निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या वेळा पाहून घ्याव्यात. किमान दोन तास हाताशी ठेवावेत आणि लॅटिनचा तास चुकवू नये. आठ ते चौदा वर्षांची मुले सोबत असतील तर उत्तम. त्याहून लहान मुलांना पिसाची लेखणी तेवढी आवडेल. अकरापूर्वी पोहोचलात तर शेजारच्या चॅपलमध्ये जाऊन कमानीवरचे चित्र पाहावे. चॅपलच्या पलीकडे, गल्ली ओलांडली की ‘न्यू प्लेस’ची जागा आहे. लंडनमध्ये नाटकांवर पैसा मिळवून शेक्सपियरने १५९७ मध्ये गावातले हे मोठे घर विकत घेतले, आणि चॅपलची घंटा वाजून शाळा भरल्याचे त्याला तेथे बसल्या बसल्या ऐकू येत असणार.